फालेसीच्या शेजारची चटई

आंबे मोहरायच्या दिवसांत फालेसीचा नवरा कुदळ खांद्यावर टाकून आपल्या आईच्या गावी निघून गेला. आमच्याकडं नवरा बायकोच्या गावात नांदतो. त्यानं कुदळ उचलली की संसार उठला, निराळं काही बोलावं लागत नाही.

फालेसी पहिलटकरीण होती. बाळंतपणात अडली, मूल मेलेलं निघालं आणि आत काहीतरी असं फाटलं की मूत थांबेचना. बसता-उठता, झोपेतसुद्धा गळतीच. लुगड्यासारखं गुंडाळायच्या चितेंजेच्या आत चिंध्यांच्या घड्या घातल्या तरी आधी वास पोचायचा आणि मागनं फालेसी.

रविवारी ती चर्चच्या बाहेर, खिडकीखालच्या आंब्याशी चटई टाकायची. प्रभुभोजनाच्या दिवशी आत पावाचं ताट फिरायला लागलं की मान खाली घालून चटईच्या काड्या मोडत बसायची. ते तिला हवं होतं. चर्चमधलं दुसरं काही इतकं हवं नव्हतं. पण माणसं नाक धरतात तसा देवही धरत असणार, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

"भायेर आणून देऊ का?" एकदा पाळकानं विचारलं.

"नको पाळकबाबा. कुत्र्याला टाकल्यावानी नको."

मग एका रविवारी म्हातारी नाचिसाले आली. कायम नाकात तपकीर कोंबलेली. तिनं फालेसीच्या चटईला चटई लावली.

"आजी, आत जा की. हितं वास येतो."

"कसला वास? तपकिरीनं माझं नाक कवाच मेलंय. अंगणात शेळी सडली तरी मला कळायचं न्हाय. आन आत पाळकाच्या वरडण्यानं कान फुटत्यात. सरक, सावलीत घे मला."

तेव्हापासून दर रविवारी दोन चटया. म्हातारी गावभरच्या चहाड्या सांगायची, मधेच प्रार्थना करायची, पुन्हा चहाडी जिथं सोडली तिथनं उचलायची. फालेसीला बरं वाटायचं. गावात एक माणूस असं होतं की ज्याच्यापुढं लाजायचं कारण नव्हतं, कारण त्याला वासच येत नव्हता.

पुन्हा प्रभुभोजनाचा रविवार आला. आत पाळक पापांची कबुली वाचत होता आणि बाहेर डोळे मिटलेल्या नाचिसालेनं अचानक नाक वर केलं, दोनदा हुंगलं.

"आगं माझे आये! घेवडा लागला!"

आणि म्हातारी रस्ता ओलांडून आपल्या घराकडं धावली. फालेसी जागच्या जागी बसून राहिली. तिला तर करपल्याचा वास अजून आलाही नव्हता.

म्हातारी परत आली ती हात पुसत, चोरासारखी.

"तुझं नाक मेलं न्हाय," फालेसी म्हणाली.

"न्हाय. घेवडा बी गेला आन माझं बिंग बी फुटलं."

"मंग माझा वास?"

"येतो की. उन्हाळ्यात तर डोळ्याला पाणी येतं."

"आन तरी बसलीस? इतकं दिस?"

"तुझ्यापाशी बसायचं हुतं मला. नाक काय घरी ठेवून येता येतं व्हय?"

आत गाणं सुरू झालं, पावाच्या आधीचं. फालेसीच्या बोटांत चटईची काडी तशीच राहिली.

"म्हंजे देवाला बी येत आसंल," ती हळूच म्हणाली.

"येणारच. गोठ्यात जन्मल्यालं पोर ते. चार दिसांचं मढं हाक मारून उठवलं त्यानं. वास त्याला नवा हाय व्हय? येतो, आन तरी बसलाय. का मी येकटीच बसत हुते आसं वाटलं तुला?"

"कापड भिजलंय माझं, आजी."

"मंग भिजल्यालं घेऊन चल."

फालेसीनं चटई गुंडाळली. आत बायकांच्या बाजूला ती टेकली तशी शेजारच्या एनेलेसीनं पदर नाकावर ओढला. गाणं जरा अडखळलं. ताट जवळ आलं. पाळकानं तिच्या हातावर पावाचा तुकडा ठेवला. श्वास त्यानंही रोखून धरला होता, पण हात मागं घेतला नाही. फालेसीनं तो तुकडा बराच वेळ चघळला. खाली चटई ओली झाली ती झालीच.

मिशनच्या दवाखान्यात असल्या बायकांचं आतलं फाटलेलं शिवतात, हे म्हातारी तिला कधीची सांगत होती. देवाची शिक्षा सुईदोऱ्यानं कशी मिटंल, असं म्हणून फालेसी टाळायची. आता गेली. शिवून आली, आणि घरी परतल्यावर शिवण उसवली.

गावाला वाटलं, ही आता आंब्याखाली जाणार. रविवारी फालेसी आंब्याजवळनं आली, थांबली नाही, सरळ आत गेली आणि एनेलेसीला लागून चटई टाकली.

"वास येतोय गं," एनेलेसी पदराआडून पुटपुटली.

"येणारच. डॉक्टर पुन्यांदा शिवनार हायेत, तवर तर येणारच. सरक जरा, मागनं आजी येतीय, तिला बसू दे."

एनेलेसी सरकली.