डायरेक्ट दिला तरी ब्लोअर फिरेना

मंडळी, या सदरातले गूढ अनुभव मी चहा पिताना वाचतो आणि हसतो. खोटं कशाला बोलू? आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात नवस, उतारा, भानामती सगळं बंद. त्यात माझा धंदा ऑटो इलेक्ट्रिशियनचा. करंट आहे किंवा नाही — मधलं काही नसतं. "गाडीत काईतरी बाधा हाय" म्हणत कुणी आलं, की मी आधी अर्थिंगचा बोल्ट बघतो. बहुतेक वेळा बाधा तिथेच गंजून बसलेली असते. तेव्हा तुम्ही मला हसलात तरी हरकत नाही, पण आधी पूर्ण वाचा.

अकोल्याहून अमरावतीला येताना बडनेरा मागे टाकलं की डाव्या हाताला टिनाचं शेड लागतं. ते माझं वर्कशॉप. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तिथे रहीमभाईंचा ट्रक येऊन उभा राहिला. रहीमभाई दर्यापूरचे, माझं जुनं गिऱ्हाईक, वयानं मोठे. सोबत धाकटा भाऊ जावेद. दोघं आळीपाळीनं गाडी चालवतात. त्यांना वरूडला जाऊन संत्री भरायची होती आणि तिथून थेट दिल्लीकडे निघायचं होतं. बिघाड एकच... हीटरचा ब्लोअर बंद.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — ब्लोअर म्हणजे डॅशबोर्डच्या आतला पंखा. तो बाहेरची हवा ओढतो आणि गरम पाण्याच्या जाळीतून केबिनमध्ये सोडतो. आपल्या वऱ्हाडात हीटर कोण लावतो? पण तिकडच्या थंडीत समोरची काच आतून धुरकट होते आणि रस्ता दिसत नाही.

"अर्ध्या घंट्यात देतो," मी म्हणालो. माझं तोंड असंच आहे.

फ्यूज बघितला, चांगला. रिले बदलून बघितला. पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टरही ठीक. मोटरच्या पिनांना टेस्ट लॅम्प लावला तर लख्ख पेटला. म्हणजे मोटर गेली, विषय संपला. मोटर काढून टेबलावर बॅटरीला लावली, तर भर्रकन फिरली! परत गाडीत बसवली... बंद.

मग आम्ही लोक शेवटी जे करतो ते केलं. डायरेक्ट दिला. म्हणजे स्विच, फ्यूज, रिले सगळं सोडून बॅटरीपासून दोन वायरी थेट मोटरला. चांगली मोटर डायरेक्टवर फिरली नाही, असं मी आजवर पाहिलेलं नाही. ही फिरली नाही.

"काऊन भाऊ, अर्धा घंटा लयच लांबला तुहा," जावेदनं टोमणा मारला.

"तू गुपचूप चहा पी."

आता तुमच्यातले जाणकार म्हणतील, कार्बन ब्रश बघितले का? नवे टाकले. पंखा कुठे घासत होता का? बोट लावलं तर अगदी हलका फिरत होता. दुकानातून कोरी करकरीत मोटर मागवली. टेबलावर फिरली, गाडीत नाही. व्होल्टेज पुरे, वायर अखंड, आणि मीटरवर करंट शून्य. मोटर तो घेतच नव्हती. मला घाम फुटला, भीतीनं नाही, रागानं. नवी मोटर परत खोक्यात घातली आणि जुनीच बसवून ठेवली.

रहीमभाई आले. "राहू दे ना बाप्पा. कपड्यानं काच पुसत जाऊ. वरूडवाल्याचे फोनावर फोन येऊन रायले. माल भराले माणसं उभे हायत म्हणते."

"हा फिरल्याबिगर गाडी हालत नाई."

"तुले गाडी सुधरवाची हाय का जिकाचं हाय?"

"दोनी."

राहिली होती फक्त हवेची वाट. ब्लोअरकडे बाहेरची हवा आणणारी नळी खालून, इंजिनाच्या बाजूनं येते. नळी तुंबली म्हणून मोटर थांबत नाही, हे मला कळत होतं. पण हट्टाला पेटलो होतो. म्हटलं, केबिन उचला. दोघा भावांनी कुरकुरत अंथरुणं, स्टोव्ह, भांडी खाली काढली आणि केबिन पुढे कलवली.

बघतो तर इंजिनापासून सायलेन्सरकडे धूर जातो त्या जोडाचं पॅकिंग फुटलेलं. आजूबाजूला काळी काजळी. आणि त्याच्या बरोबर वर हवेच्या नळीचा रबर फाटून आ वासलेला. म्हणजे ब्लोअर फिरला असता तर त्यानं बाहेरची हवा नाही, इंजिनाचा विषारी धूर ओढला असता आणि तो बंद केबिनमध्ये सोडला असता.

रहीमभाई तिथेच टायरवर बसले. चेहरा उतरला होता.

"मागच्या खेपीले माह्यं डोकं फुटून रायलं होतं," ते म्हणाले. "जावेदनं उलट्या केल्या. आमी म्हटलं, ढाब्याचं जेवण बाधलं. मंग ग्वाल्हेरच्या पुढं हा ब्लोअर आपसूक बंद पडला... आन् म्या त्याले शिव्या देल्या."

मला त्या वेळी भीती वाटली, हे कबूल करतो. ब्लोअर सकाळी पहिल्याच फटक्यात चालू झाला असता तर मी ऐटीत गाडी सोडली असती. कडाक्याची थंडी, काचा बंद, मागच्या बर्थवर एक भाऊ झोपलेला... पुढचं लिहीत नाही.

शेजारच्या मेकॅनिककडून पॅकिंग बदलून घेतलं, रबर नवा टाकला. दुपार झाली. केबिन खाली बसवली. वायरिंगला मी हात लावला नव्हता, मोटर जुनीच. जावेदनं इंजिन चालू केलं आणि सहज म्हणून ब्लोअरचं बटण फिरवलं.

फिरला. पहिल्या नंबरवर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. रहीमभाईंनी कानाला हात लावले, आणि मी गाढवासारखा तोंड उघडं टाकून उभा.

माझ्या हातचं काम मला माहीत आहे. त्या सकाळी माझं काही चुकलेलं नव्हतं, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. केबिन उचलताना कुठलीतरी वायर हलली असेल, असं एक-दोन जणांनी सुचवलं. पण डायरेक्टला गाडीची वायर लागतेच कुठे? भूत होतं असंही मी म्हणणार नाही; भूत मी मानत नाही, आणि रहीमभाईंना जे वाटतं ते त्यांचं. माझ्याकडे कारण नाही. एवढ्या वर्षांच्या धंद्यात हे एकच काम असं झालं, की ते माझ्या शेडमधून नीट होऊन गेलं आणि कसं ते मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला धीर निघेना, मी फोन लावला. रहीमभाई म्हणाले, डिझेल भराले थांबलो, सगळं ठीक हाय.

"हीटर?"

"रातभर चालू होता. मस्त गरम."

"जावेद कुठी हाय?"

"मागं झोपला."

"उठवा त्याले."

"काहून बा?"

"उठवा म्हणतो ना!"

थोडी खुडबूड ऐकू आली. मग जावेदचा झोपेतला, चिडलेला आवाज आला, "काय बे भाऊ, आत्ता कुठी डोळा लागला होता..." आणि त्यानं मला एक सणसणीत शिवी घातली. मी शेडमध्ये खाली बसलो आणि म्हटलं, अजून एक दे.