ठस की पोकळ

माझ्या सासूला गावात टकटक बुढी म्हणत. समोर आलेली वस्तू बोटाने ठोकून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. माठ, कणगी, दाराची फळी, तेलाचा डबा, सगळ्यांवर टकटक. मी लग्न होऊन आले त्या दिवशी तिने माझी माहेरची पेटी ठोकली आणि म्हणाली, "अर्धी रिकामी हाय." खरंच अर्धी रिकामी होती. मला राग आला, पण तिने टोमणा मारला नव्हता. तिला फक्त कळून घ्यायचं होतं.

ही सवय टरबुजांची. पैनगंगेच्या वाळूत आमची टरबुजाची वाडी होती. रिसोडच्या बाजाराला गाडी भरायची असली की ती वेलांमधून वाकून चालायची, एकेक फळ ठोकायची आणि कोणतं तोडायचं ते सांगायची. गिऱ्हाईक म्हणे, टाकी मारून दाखव. म्हणजे सुरीने चौकोनी तुकडा काढून आत लाल आहे का ते दाखव. ती मारत नसे. "टाकी मारलेलं फळ ठेवता येत नाई, नासते," म्हणायची. पण कोणी विकत घेऊन तिथंच फोडलं, की हातातलं काम टाकून धावायची. "कसं निघालं?" पांढरं निघालं तर कबूल करायची आणि उरलेलं अर्धं फळ पुन्हा ठोकून बघायची.

पन्नाशी उलटल्यावर तिच्या पोटात डाव्या बाजूला खाली दुखू लागलं. ताप यायचा, हात लावू देत नसे. काही दिवस पडून राहिली की उतरायचं आणि दोन-चार महिन्यांनी परत यायचं. त्या जागी बिब्याचे इतके चटके दिले होते की कातडी काळी पडली होती. शेवटी माझ्या नवऱ्याने, म्हणजे तिच्या एकुलत्या एका लेकाने, तिला रिसोडला डॉक्टरकडे नेलं. मी सोबत होते. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील.

डॉक्टरने डावा हात तिच्या पोटावर पसरला आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकलं. सासू दुखणं विसरून उठून बसली.

"हे तुमी कोणापाशी शिकले?"

"झोपा, बाई."

"झोपतो. पण आवाज कसा आला थे सांगा."

डॉक्टर चांगला होता. त्याने तिचंच बोट धरून तिच्याच अंगावर ठोकून दाखवलं. आतड्यावर पोकळ आवाज, कारण आत वारा असतो. उजव्या बाजूला खालच्या बरगड्यांवर ठस आवाज, कारण तिथं कलेजी असते. तिने दोन्ही जागा पुन्हापुन्हा ठोकल्या. बाहेर माणसं खोळंबली होती.

त्याने आम्हाला पोटाचा एक्स-रे फोटो काढायला अकोल्याला पाठवलं. पांढरं औषध भरून फोटो काढला. मोठ्या आतड्याला बाहेरच्या अंगाने बारीक फुगे आले होते, त्यात घाण अडकून ते सुजत. तिथला कापणारा डॉक्टर म्हणाला, तेवढं आतडं काढून टाकू. मात्र काही महिने पोटावर भोक ठेवावं लागेल, शौच तिथून होईल, मग पुन्हा कापून जोडू.

"अन् नाई कापलं तर?"

"एखादे दिवशी फुटेल. मग वाचवणं कठीण."

"न फुटता बी राहीन?"

"राहीलही. सांगता येत नाही."

"मंग टाकी नोका मारू," ती म्हणाली. डॉक्टरला काही कळलं नाही.

परत आल्यावर रिसोडच्या डॉक्टरने कापण्याला ना हो म्हटलं ना नाही. पातळ खा, भाकरी सोडा, बी असलेलं काही खाऊ नका, दुखलं की पडून राहा आणि गोळ्या घ्या, एवढं सांगितलं. आणखी एक गोष्ट सांगितली. "उजव्या बरगड्यांवरचा ठस आवाज पोकळ झाला, तर आतडं फुटून वारा बाहेर आला असं समजा. मग मला विचारायलाही थांबू नका, अकोला गाठा."

आयुष्यभर टरबुजं पिकवणारीला टरबूज बंद झालं. मी मऊ भात आणि वरणाचं पाणी द्यायची. आता माझ्या भाच्याला तेच दुखणं आहे, तर त्याचा डॉक्टर म्हणतो कोंड्यासकट भाकरी खा. तेव्हाचे डॉक्टर खोटं बोलत नव्हते. त्यांना तेवढंच माहीत होतं.

नवरा मात्र तिच्या मागे लागला होता. "माय, कापून टाक एकदाचं. दर खेपेले हेच होऊन राह्यलं."

"तुले घाई असन तर तुह्यं काप."

दुखणं आलं की ती मला जवळ बोलवायची. "तू ठोक वो. माह्या पोटावर मले माह्याच बोटाचा भरोसा नाई. आपल्या मालाले कोणी कच्चा म्हणते का?" मी ठोकायची. ठस. मग ती गोळी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. अशी तीन वर्षं गेली.

एकदा भर दुपारी गाडी भरत होतो. सासू वाळूत खाली बसली, मग आडवी झाली. या वेळी दुखणं एका बाजूला नव्हतं, सगळं पोट लाकडासारखं झालं होतं. मी बरगड्यांवर ठोकलं. पुन्हा ठोकलं.

"बोल," ती म्हणाली.

"पोकळ."

कापा कापा म्हणणारा नवराच आता म्हणू लागला, "माय, जरा थांबू. उतरन आपसूक. बिबेवाल्याले बोलावतो."

"टरबुजं उतरव," ती म्हणाली. "मले चढव."

रिसोडपर्यंत गाडी, पुढे अकोल्यापर्यंत मोटार. दिवस मावळल्यावर तिला कापायला घेतलं. वाचेल असं कोणी म्हणत नव्हतं. शुद्धीवर आल्यावर तिने पाणी मागितलं नाही. डॉक्टरला विचारलं, "कसं निघालं?"

"फुटलं होतं. वेळेवर आणलं."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिच्याकडून मला मिळालेलं कौतुक ते एवढंच.

पुढचे काही महिने मी तिच्या पोटावरच्या भोकाची फडकी धुतली. घाण वास यायचा. नंतर ते भोक बुजवलं. एकदा मी विचारलं, "आत्याबाई, आधीच कापलं असतं तर बरं नसतं झालं?"

ती म्हणाली, "काय माईत. थे दुसरं टरबूज झालं. थे फोडूनच नाई पाह्यलं."

पुढे ती पुष्कळ वर्षं जगली आणि एका दुपारी खाटेवर पडल्या पडल्या गेली. आजारी नव्हती. अंघोळ घालताना बाया रडत होत्या. मी तिच्या उजव्या बरगड्यांवर ठोकून पाहिलं. बाया रडायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

ठस आवाज आला. पोटाने गेली नव्हती. मग कशाने गेली, ते विचारत बसायला तीच पाहिजे होती.