फोन ज्वारीच्या डब्यात

मोबाइलला जिवंत माणूस समजून त्याच्याशी जपून वागणारी बाई आख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच होती, अन् ती माझी बायको होती. आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर तुरीच्या शेंगा सोलल्या. ओसरीवर मधे टोपलं, बाजूला फोन, अन् फोनात पुण्याच्या पोरानं पाठवलेला व्हिडिओ. रस्त्यानं मोटार चाललेली, चालवायला कुणीच नाही. त्या मोटारीचं पुढं सांगतो, आधी हिचं सांगतो.

लुगडं बदलायचं म्हटलं की ही फोनचं तोंड भिंतीकडं करायची. सुनेविषयी काही बोलायचं असलं की फोन सरळ ज्वारीच्या डब्यात, वर झाकण, मगच तोंड उघडायचं. एकदा शेजारीण बसलेली असताना डबा गुरगुरला. ती उंदीर म्हणून उठून पळाली. ही जागची हलली नाही. "बसा बाई, पोराचा फोन हाय." मी लय हसायचो. पण एक दिवस ती गुडघे दुखायलेत म्हणाली, अन् दुसऱ्या दिवशी फोनवर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात आली. पोरानं तासभर समजावलं. हिचं एकच, "मंग त्याला सांगितलं कुणी?" मी चौथी शिकलेला माणूस, मला त्याचं उत्तर अजून सापडलं नाही. कुणा भामट्यानं बँकेतून बोलतोय म्हणून हिचं नाव-गाव विचारलं, तर हिनंच त्याला मामाचं गाव कोणतं, आईचं माहेर कोणतं, लग्न झालं का, असं विचारत नेलं. शेवटी त्यानंच फोन ठेवला. पोराला एकदा खरोखर ओटीपी पाहिजे होता. त्यालाही दिला नाही. कुणाला सांगू नको म्हणून तूच सांगितलंस, म्हणाली.

तर ती मोटार बघून ही म्हणाली, "ह्यात काय नवल? मला बिनमाणसाच्याच गाडीनं आणलंय."

हे मी पन्नास वर्षं ऐकत होतो. लग्न झाल्यावर वालूरहून बोरीला बैलगाडीनं येताना मी कासरा धरून झोपलो, अन् बैलांनीच हिला सासरी पोचवलं, अशी ती गोष्ट. प्रत्येक लग्नाकार्यात सांगायची. लोक हसायचे, मीबी हसायचो. खरं असं, की मी झोपलोच नव्हतो. नव्या बायकोशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून डोळे मिटून घेतले होते. तेवढ्यात ही मागून बैलांना हळूच म्हणाली, "दमानं चला रं, झोपू द्या त्यांला." ते मी चोरून ऐकलं, अन् मग घर येईपर्यंत डोळे उघडायची हिंमत झाली नाही.

त्या संध्याकाळी वाटलं, आज सांगून टाकावं. म्हटलं, "आगं, त्या दिवशी गाडीत..."

तिनं ओठावर बोट ठेवलं अन् फोनकडं बघितलं. "आता नगं. त्यो जागा हाय. सकाळी सांगा, डब्यात घालून."

शेंगा संपल्या. उद्याच्या आमटीला म्हणून तिनं दाणे झाकून ठेवले.

सकाळी ती उठली नाही. हात लावला तर गार. पोराला कळवायला पाहिजे होतं, शेजारी हाक मारायला पाहिजे होती. मी आधी फोन ज्वारीच्या डब्यात घातला, झाकण दाबून बसवलं, अन् तिच्या उशाशी बसलो.

"मी जागा व्हतो," म्हटलं. "बैलांना काय म्हणलीस ते ऐकलं व्हतं."

मग झाकण काढलं, फोनची ज्वारी झटकली अन् पोराला लावला.