राणीकुल मंडळाची हातगाडी

आमच्या फुलझाडांच्या मंडळाचं नाव घेताना सगळ्यांची जीभ अडखळायची. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत होते, म्हणून बटरकपच्या घराण्याचं शास्त्रीय नाव, रॅननक्युलेसी, मीच हट्टानं ठेवलं. शेजारच्या आपांनी पहिल्याच दिवशी त्याचं 'राणीकुल' करून टाकलं आणि सोलापूरच्या भवानी पेठेत तेच चाललं.

आपांच्या घरची बेकरी. नानवर लावायची कलौंजी त्या हौसेनं परसात पेरायच्या. तीही याच घराण्यातली, हे मी सांगितलं तेव्हा त्या मंडळात आल्या. तिसरे दुधनीकडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डसाहेब. त्यांना मोरवेलीचा नाद. मी लार्कस्पर लावायचे. दोन्ही त्याच घराण्यातली. इथल्या उन्हात हे जगायचं नाही, असं सांगणारे रोज भेटत. दुष्काळ नुकताच सरला होता. "प्यायला पानी न्हाय आन ह्ये फुलं लावत्यात," असं नळावर ऐकावं लागे. आम्ही तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी घालायचो, पण ते कुणाला समजावत बसायचो नाही.

त्या वर्षी थंडी बरी पडली. शेपूसारख्या पानांतून लार्कस्परचे निळे-गुलाबी तुरे वर आले. आपांच्या कलौंजीला फिकट निळी फुलं लागली. गार्डसाहेबांची मोरवेल बांबूवर चढून पांढऱ्या पिसाऱ्यांनी भरली होती. शहरातल्या गुलाबवाल्यांचं प्रदर्शन फेब्रुवारीत भरायचं. बेकरीच्या हातगाडीवर कुंड्या चढवून आम्ही तिथं गेलो.

फाटकात त्यांचे कार्यवाह उभे होते, गावातले बडे वकील. म्हणाले, "बाई, ही रानातली वेल, ही मसाल्याची रोपं. कुठल्या विभागात ठेवायची?" मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलले, "पुढच्या वर्षी तुम्ही एकट्या या. गुलाब आणा. यांना कशाला बरोबर घेता?"

'यांना' म्हणताना त्यांची नजर आपांकडे गेली.

"आमचं मंडळ आहे," मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले. "येऊ तर सगळे येऊ."

आपांनी सगळं ऐकलं होतं. आता त्या घरी चला म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी ओढणी सारखी केली, गाडी फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला वळवली आणि म्हणाल्या, "इदरीच लगाएंगे."

लोक थांबू लागले. पाळी सुटलेले गिरणी कामगार आले, प्रदर्शनाला आलेल्या बायका आल्या. हे सगळं एकाच घराण्यातलं, हे सांगून सांगून माझा घसा बसला. कार्यवाह पुन्हा आले. गर्दी होते, गाडी हलवा म्हणाले.

गार्डसाहेबांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या फाटकाच्या आत हाय का आमी? न्हाय की. मग?"

कार्यवाह परत गेले. आम्ही ऊन उतरेपर्यंत तिथंच उभे होतो.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं. शिक्षिकेनं रस्त्यावर हातगाडी लावून उभं राहणं शोभतं का, असं विचारलं.

"शोभलं," मी म्हणाले. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मग तासाला जायला सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात गुलाबवाल्यांचा निरोप आला. 'इतर हंगामी फुलं' असा विभाग काढलाय, या वेळी तिघंही या. मला क्षणभर मोह झाला. आपा कणीक तिंबत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नक्को."

आम्ही बेकरीच्या ओट्यावर आमचंच प्रदर्शन मांडलं. लोक थोडे आले. मोरवेल उन्हाळ्यात मुळापासून वाळली होती, तरी गार्डसाहेबांनी ती कुंडी सगळ्यांत पुढं ठेवली. कुणी हसलं की ते सांगायचे, "व्हय, मेली. दुसरी लावनार हाय."

पावसाळ्यात त्यांनी ती लावलीच.