दशरथाचं बेताल बोट

आमच्या इंद्रलोक चाळीत, शेजारच्या दारात दशरथ राहतो. मूळचा रत्नागिरीकडचा, जाखडीच्या नाचात ढोलकी वाजवणारा. कॉलेजच्या लॅबमध्ये अकरा वर्षं हंगामी शिपाई. कायम व्हायची आस लागलेली, आणि त्यासाठी सही हवी लॅबच्या प्रमुख इशिता मॅडमची.

मॅडमचा प्रयोग म्हणजे काचेच्या बशीत नारिंगी पाणी, कसलंसं औषध घातलेलं. एकसारख्या उजेडात ते ढिम्म पडून राहायचं. पण वरची जुनी ट्यूब कशीही लुकलुकायची. त्या वेड्यावाकड्या उजेडानं पाण्यात कुठेतरी हिरवा ठिपका उठायचा, तो शेजारच्या पाण्याला उठवायचा, आणि कडीमागून कडी पसरत बशीभर रांगोळी. सगळी करामत ट्यूबची, हे मॅडमना ठाऊक. शिपायाला कोण सांगतंय?

खंडेनवमीला दशरथानं लॅब पुसली, यंत्रांना झेंडू वाहिला आणि मोठ्या हौसेनं ट्यूब बदलून एलईडी लावली.

दसऱ्यानंतर बाहेरचे प्रोफेसर प्रयोग बघायला आले. पाणी ढिम्म.

"जुनी ट्यूब कुठाय?"

"भंगारात दिली, मॅडम. खराब होती ना."

"अक्कल पण दिलीस का सोबत?" मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या. पाहुणे हसले. "आता उभा राहा आणि बटण दाब. चालू, बंद."

दशरथ दाबायला लागला. पण ढोलकीवाल्याचं बोट ते, लगेच ठेका धरला. पाणी हलेना.

"वरात आहे का ही? ताल नको! कसंही दाब!"

"मावशी, बेताल वाजवणं लई कठीण," घरी आल्यावर मला सांगत होता. डोळे मिटून अर्धा तास बोट भरकटवत राहिला. मग ठिपका उठला, कडी पसरली, टाळ्या पडल्या.

एकानं विचारलं, "हे कोण?"

"कोणी नाही. स्विच," मॅडम म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात मॅडमनी बोलावलं. सहीचंच असणार म्हणून इस्त्रीचा सदरा घालून निघाला. मी त्याच्या हातावर दही ठेवलं, माझीही अक्कल तेवढीच.

टेबलावर आपोआप लुकलुकणारा नवा दिवा होता. मॅडम म्हणाल्या, "तुझं काम आता हा करतो. उद्यापासून येऊ नकोस. जायच्या आधी एवढा दिवा भिंतीला ठोकून दे, तुझा हात चांगला आहे."

ठोकला. जरासुद्धा वाकडा नाही ठोकला, मेल्यानं.