डासांचे नवरे आणि उलटा संत

सकाळी आरोग्य खात्यातली इव्होनेती डबे घेऊन फणसाच्या गल्लीत शिरली की जेनेझियाबाई खिडकीतून विचारायच्याच, "काय गं, आज किती नवरे आणलेस?"

"डबे भरून आहेत. तुम्हाला हवाय एखादा?"

"मला मेलीला काय करायचाय! एवढे सोडतेस, एखादा स्वतःला ठेव की."

डब्यांत डासांचे नर असत, कारखान्यात निर्बीज केलेले. ते चावत नाहीत; मादीशी जुळतात आणि तिची अंडी वाया जातात. इव्होनेती झाकण उघडून त्यांना सोडी आणि मग घरोघरची परसं तपासायला जाई. कुंडीखालच्या बशीत पाणी दिसलं की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. "वाळू भरा, वाळू भरा म्हणून कानीकपाळी ओरडतेय, कळत नाही?" चाळिशी उलटलेली, बिनलग्नाची, जिभेची तिखट बाई. गल्ली तिला वचकून असे.

तरी डासांची अंडी तपासायला या गल्लीत लावलेल्या सापळ्यांत सापडणारी अंडी काही फुटायची थांबेनात. सगळ्यांचा संशय जेनेझियाबाईंच्या पिंपावर. इव्होनेतीनं ते दोनदा पालथं घातलं, वर चार शब्दही सुनावले. तपासायचं राहिलं होतं एकच घर, तिचं स्वतःचं. आई, केरुबिना, फरशी लखलखीत ठेवणारी. तिथं काय मेलं बघायचं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग आईलाच ताप भरला. डेंग्यू, आणि तोही दुसऱ्यांदा. दुसरा डेंग्यू पहिल्यापेक्षा घातक ठरू शकतो, हे इव्होनेती दारोदार सांगत हिंडायची. इस्पितळात आईच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं.

आईचे कपडे न्यायला ती घरी आली. चपला शोधताना धुण्याच्या टाकीमागे तिला काचेची बरणी दिसली. बरणीत पाणी, पाण्यात डोकं खाली करून बुडवलेला संत आंतोनियोचा छोटा पुतळा, आणि त्याच्या पायांभोवती अळ्या वळवळतायत.

कुणाला विचारायची गरजच नव्हती. लेकीचं लग्न जमेना की इथल्या आया लग्नं जुळवणाऱ्या आंतोनियोला असंच बुडवतात. नवरा आण, मगच बाहेर काढीन! इव्होनेती तिथंच खाली बसली. संताप आला, रडू आलं, आणि चिडायचं कुणावर तेच कळेना. शेवटी उठून तिनं ते पाणी तापलेल्या मातीत ओतलं.

इस्पितळात आईनं डोळे किलकिले केले. "टाकीमागं गेली होतीस?"

"गेले होते."

"काढलंस त्याला?" आईचा आवाज जेमतेम निघत होता. "अगं, मग माझ्यामागं तुला कोण गं?"



आई वाचली. घरी आली ती पार चिपाड होऊन. पलंगाशेजारी तिला बरणी दिसली: काठोकाठ वाळूनं भरलेली, आणि वाळूत कमरेपर्यंत रुतवलेला आंतोनियो, डोकं खाली, पाय वर.

"वाळूत चालतं का गं त्याला?" आईनं विचारलं.

"न चालायला काय झालं! नवरा मिळेपर्यंत त्याची सुटका नाही," इव्होनेती आईच्या अंगावर पांघरूण घालत म्हणाली. "आणि तोवर तुझीही नाही."