दुरडी, डालगं, कणगी

वडिलांची बदली चिपळूणहून जालन्याला झाली आणि आम्ही मस्तगडात भाड्याच्या घरात राहायला आलो. तिथल्याच ओळखीतून मला केदारखेड्याचं स्थळ आलं. एक्याऐंशी सालची गोष्ट. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, रोवळी कुठे आहे?"

त्या चुलीपुढून वळल्या. "ती काय असती बाई?"

"तांदूळ धुवायची बांबूची टोपली."

"आपल्यात भात सणावाराला. मंग ज्वारी काय धुऊन दळायची?" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना. मग हाताला धरून त्यांनी मला घरभर फिरवलं. भाकरी ठेवायची दुरडी. कोंबड्या झाकायचं मोठं जाळीदार डालगं. शेणानं सारवलेली, दाण्यांनी भरलेली कणगी. "ध्यानात न्हाई राह्यलं तर परत इचार. लाजू नको बिलकुल."

मी किती वेळा विचारलं असेल. त्या कधी वैतागल्या नाहीत.

माझी मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी आत्याबाईंना लकवा मारला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बोलतं ठेवा, हळूहळू येईल. महिन्याभरानं एकच शब्द आला, दुरडी. पाणी हवं तरी दुरडी, ऊन लागलं तरी दुरडी. बघायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आत्याबाईंना ते कळलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि दोन दिवस तो शब्दसुद्धा उच्चारला नाही.

नवं माणूस शब्दावाचून कसं अडतं, ते मला ठाऊक होतं. रोज सकाळी त्यांना अंगणात बाजेवर बसवून मी घरातली एकेक वस्तू त्यांच्या डाव्या हातात द्यायला लागले. "हे काय आहे, आत्याबाई?" त्या बोटांनी वीण चाचपायच्या, ओठ हलवायच्या आणि मान खाली घालायच्या. कधी सूप ढकलून द्यायच्या, कधी रडायच्या. मग मीही थांबायचे.

एका सकाळी मी आत पीठ मळत होते. बाहेरून ओरडण्याचा आवाज आला, "डालगं! डालगं!"

धावत गेले. कुंपणातून मुंगूस आत घुसलं होतं आणि कोंबडी पिल्लांभोवती पंख पसरून फडफडत होती. मी मुंगसावर पाण्याचा तांब्या भिरकावला आणि कोंबडीसकट सगळी पिल्लं डालग्याखाली घातली. वळून बघते, तर आत्याबाई स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या.

"काय म्हणालात?"

"डालगं," त्या सावकाश म्हणाल्या. मी त्यांच्या गळ्यात पडले. पिठाचे हात तसेच.

त्यानंतर शब्द येत गेले. सूप आलं, पाणी आलं, नातीचं नाव आलं. सगळे मात्र आले नाहीत. माझ्या नवऱ्याला त्या अखेरपर्यंत धाकट्या दिराच्या नावानं हाक मारायच्या, आणि हे जिथं असतील तिथून "आलो, माय" म्हणायचे.